चहाने बसवलेले दात

पुष्पलताबाई रस्त्यानं चालता चालता मध्येच थांबल्या, की सोबतच्या माणसानं समजून जावं, कुठंतरी डांबर दिसलं. नागपुरात जिकडेतिकडे सिमेंटचे रस्ते झाल्यापासून त्यांची जरा पंचाईतच झाली आहे. तरी एखाद्या गल्लीच्या तोंडाशी डांबराचा जुना तुकडा उरलेला असतो. मे महिन्याच्या दुपारी त्या चपलेच्या टोकानं तो दाबून पाहतात. संध्याकाळी घरी परतताना तिथंच थांबून पुन्हा दाबतात. दुपारी चप्पल रुतते, संध्याकाळी रुतत नाही. त्यांचे यजमान प्रेमानंद गाड्या दुरुस्त करतात. डांबरात नवल वाटावं असा त्यांचा स्वभाव नाही.

"अवो, उन्हानं डांबर मऊ होतेच. त्यात पाहाचं काय?"

"होते हे मलेही माहीत हाये. कधी होते, ते पाहून राहिली मी!"

प्रेमानंद पिशवी या हातातून त्या हातात घेतात आणि उभे राहतात.

हे वेड आजचं नाही. रामटेकच्या अंगाला धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांमध्ये, वसलेलं त्यांचं माहेर. थंडीत तूप गोठून दगड व्हायचं. आई तुपाचं भांडं अंगणात उन्हाला ठेवायची आणि कामाला लागायची. पुष्पलता मात्र भांड्यासमोर उकिडवी बसायची. तूप आधी कडेनं सुटतं, मधला गोळा बेटासारखा उभा राहतो, मग तो हळूच एका अंगावर कलतो आणि फिरायला लागतो. आई ओरडायची, "काहून वं पोट्टे, तुपाकडं काय पाहून राहिली? तूप काय नाचते का?"

"नाचते ना!" पोरगी म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं.

असं पाहणं जिच्या नशिबी, तिला काम कुठलं मिळावं? तर मेणाचं. लग्न होऊन नागपुरात आल्यावर त्या एका लॅबमध्ये झाडझूड करायला लागल्या. लॅब म्हणजे रक्त-लघवी तपासायची नव्हे. दवाखान्यांसाठी कवळ्या बनवायची. रामदासपेठेत दवाखाने पावलापावलाला, त्यामुळे एका आतल्या गल्लीत, जिन्याखालच्या दोन खोल्यांत, हा कारखाना बारा महिने चालू. तिथले म्हातारे कारागीर मधुकरराव. त्यांनी एकदा पाहिलं, की ही बाई मेणाचे तुकडे झाडून टाकायच्या ऐवजी दिव्यावर धरून बसली आहे.

"कचरा काहून जाळून राहिल्या, बाई?"

"जाळत नाही जी. हे वाकते कधी अन् गळते कधी, ते पाहून राहिली."

मधुकररावांनी झाडू काढून घेतला आणि हातात मेण कोरायची सुरी दिली. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आज त्या टेबलाशी पुष्पलताबाईच बसतात.

आता मेणाचा स्वभाव सांगितल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. बर्फ हा सरळ माणूस. आहे तोवर टणक, गेला की पाणी, मधलं काही नाही. मेण म्हणजे लग्नात रुसलेला जावई. तो एकदम हो म्हणत नाही आणि एकदम नाहीही म्हणत नाही. आधी नुसता मऊ होतो, मग वाकतो, मग घाम सुटल्यासारखा चकाकतो, आणि सगळ्यात शेवटी ओघळतो. कारण मेण हे एक नसतंच. चार प्रकारची मेणं एकत्र केलेली असतात आणि प्रत्येकाची वितळायची वेळ वेगळी. एक सुटलेलं असतं तेव्हा दुसऱ्यानं घट्ट धरून ठेवलेलं असतं. अशा वेळी मेणाला जिकडे ढकलाल तिकडे ते जातं, आणि गार झालं की तिथंच ठाण मांडतं.

काटोलचे नत्थूजी, संत्र्यांचे व्यापारी, त्यांना हे चांगलंच कळलं होतं. कवळी पक्की करण्याआधी मेणात दात बसवून पाहतात, तसे त्यांचे बसवून झाले होते. दवाखान्यातून ते आणून लॅबला द्यायचे, एवढंच काम. नत्थूजींनी ते गाडीत, समोरच्या काचेखाली ठेवले आणि बाजारात अर्धा तास भाव करत उभे राहिले. लॅबमध्ये येऊन त्यांनी रुमाल उघडला, तर गुलाबी थारोळ्यात सगळे दात आपापल्या मर्जीनं पहुडलेले.

"बाई, मी त हात बी नाही लावला! गाडीतच होते जी हे!"

"दात गाडीत होते, अन् गाडी कुठी होती?" पुष्पलताबाईंनी विचारलं.

"उन्हात."

"मंग?"

नत्थूजी स्वतःच हसायला लागले, आणि त्यांच्या रिकाम्या तोंडाचं ते हसू इतकं गोड होतं, की पुष्पलताबाईंनी न रागावता सगळे दात पुन्हा मांडले. तेव्हापासून उन्हाळ्यात मेणाचे दात थंड पाण्याच्या स्टीलच्या डब्यातच प्रवास करतात.

पण त्यांना सगळ्यात नवल वाटतं ते पुढच्या पायरीचं. मेणातले दात पसंत पडले, की ते मेणासकट एका पितळी डबीत प्लास्टरमध्ये पुरायचे. प्लास्टर थंड पाण्यात कालवतात, आणि घट्ट होता होता ते आपलं आपणच तापतं. तूप गार झाल्यावर घट्ट होतं, आणि हे तापून घट्ट होतं! बरं, पुढं डबीवर उकळतं पाणी ओतलं की आतलं मेण वितळून वाहून जातं. दात प्लास्टरला धरून राहतात आणि मेणाच्या जागी पोकळी उरते. त्या पोकळीत कवळीच्या प्लास्टिकचा गुलाबी मसाला कणकेसारखा मळून भरायचा, डबी आवळायची आणि पुन्हा पाण्यात उकळायची. पाणी तेच, आच तीच. मेण त्या पाण्यानं पळून गेलं, आणि मसाला त्याच पाण्यात दगड झाला. पुन्हा कितीही उकळा, तो मऊ म्हणून व्हायचा नाही.

प्रेमानंदांनी एकदा विचारलं होतं, असं काहून? पुष्पलताबाई पोळ्या लाटत होत्या. त्या म्हणाल्या, "तूप कितीक वेळा पातळ करा, तूपच राहते. पण भाजल्या पोळीची पुन्हा कणीक होते का? एक वितळते, एक शिजते. एवढाच फरक हाये."

तर अशा या पुष्पलताबाईंच्या हाताशी गेल्या मे महिन्यात यमुताईंचे दात आले.

यमुताई म्हणजे ऐंशीच्या घरातल्या, ताठ कण्याच्या, आवाजाला खणखणीत. त्यांचे यजमान विश्वनाथराव कचेरीत कारकून होते. ते गेले, मुलगा विक्रम बँकेत लागला, नात मुग्धा लग्नाला आली. त्या घराण्यात एक रीत होती. घरातल्या मुलीचं लग्न असलं, की मंगलाष्टकं यमुताईंनी रचायची आणि मांडवात यमुताईंनीच म्हणायची. भाचीपासून चुलतनणंदेपर्यंत एक लग्न चुकलं नव्हतं. मुग्धा तर सख्खी नात, तिची अष्टकं थंडीतच रचून तयार होती. पण त्यानंतर यमुताईंचे उरलेसुरले दात दुखायला लागले, काढावे लागले, आणि अष्टकं अडली ओठांच्या आत. रिकाम्या तोंडानं 'सावधान' म्हणून पाहिलं, तर नुसती फूक बाहेर आली. त्या दिवसापासून त्या चारचौघांत तोंडावर पदर धरून बसायला लागल्या.

दवाखाना डॉक्टर चिन्मयीचा. वयानं लहान, हातानं हलकी, आणि पुष्पलताबाईंना मावशी म्हणणारी. तिनं मापं घेतली, पुष्पलताबाईंनी मेणात दात मांडले, यमुताईंनी तोंडात घातले. आरशात पाहिलं, खूश झाल्या. मग अष्टकाची ओळ म्हटली:

"सासूला सुख दे, सुने सरस तू, सौख्ये सजो सासर..."

प्रत्येक स-ला अशी शिट्टी वाजली, की बाहेर बाकावर बसलेला पेशंट म्हणाला, "कुकर झाला वाटते."

चिन्मयीनं दात जरा आत घ्यायला सांगितले. दुसऱ्या वेळी शिट्टी बारीक झाली, पण गेली नाही. चिन्मयी म्हणाली, "आजी, ही ओळ थोडी बदलता नाही येणार? यात स फार आहेत हो."

"येईल की," यमुताई म्हणाल्या. "सासू काढून टाकते, तिला कोण विचारतंय! सासर काढते, सुख काढते. पण बाई, 'शुभमंगल सावधान' मी कुठून काढू?"

लग्न जवळ आलं होतं. यमुताईंनी विक्रमला सांगून टाकलं, "मांडवात शिट्ट्या मारायला मी काही उभी राहणार नाही. दात नीट बोलले तर बाहेर येईन, नाहीतर खोलीत बसून अक्षता टाकीन." विक्रम हसला. पण रात्री मुग्धाला रडू फुटलं, कारण तिला आजी ठाऊक होती.

तिसरे मेणाचे दात तोंडात गेले ते लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी. शिट्टी थोडी होतीच. चिन्मयी म्हणाली, "आजी, हे घालून थोडा वेळ शांत बसा. जिभेला सवय होऊ द्या. मेण आहे हं, काही खायचं-प्यायचं नाही," आणि दुसऱ्या पेशंटकडे गेली. परत येऊन पाहते तो खुर्ची रिकामी. बाहेरच्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "आजी त गेल्या ना मॅडम, ऑटोत बसून. घरी बांगड्यावाला आला म्हणे."

चिन्मयीनं लॅबला फोन केला. "मावशी, तुमचे दात पळाले!"

पुष्पलताबाईंनी तोंडाला दुपट्टा बांधला, डबा घेतला आणि निघाल्या. बाहेर ऊन असं, की रस्त्यावर कुत्रंही दिसेना. वाटेत डांबराचा एक तुकडा लागला, पण त्या दिवशी त्यांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

विक्रमच्या घरी हॉलमध्ये बायकाच बायका. कासार बांगड्या भरून नुकताच गेलेला, हिरव्या काचेचा किणकिणाट चाललेला, आणि कपबशा रिकाम्या होऊन खाली ठेवलेल्या. त्या कपबशा पाहून पुष्पलताबाईंनी आधी यमुताईंना शोधलं. यमुताई कोपऱ्यातल्या खुर्चीवर पदर ओठांवर घट्ट दाबून बसल्या होत्या. शाळेत पाटी फोडून आलेल्या मुलीसारखा चेहरा.

"ताई, चहा घेतला का जी तुमी?" पुष्पलताबाई जवळ बसत हळूच म्हणाल्या.

यमुताईंनी मान हलवली. मग दोन बोटं दाखवली.

"दोन कप! गरम?"

"आमच्याकडे कोमट चहा देतात होय कुणाला?" सूनबाई मागून म्हणाल्या. बिचारीला काय ठाऊक!

यमुताई पदराआडून कुजबुजल्या, की इतक्या महिन्यांनी बायकांत दात घालून बसावंसं वाटलं, एवढंच. आणि बसल्यावर चहाला नाही कसं म्हणायचं, लग्नघरात?

पुष्पलताबाईंनी पदर बाजूला केला. मेण तुपासारखं चकाकत होतं. समोरचे दात ओठांच्या बाजूला सरकले होते, आणि एक दात तर प्रार्थनेच्या रांगेत मागं वळून पाहणाऱ्या पोरासारखा तिरका झाला होता. त्यांचं बोट आपोआप तो सरळ करायला पुढं झालं. तेवढ्यात यमुताई घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "सत्यानाश झाला का गं सगळा?"

पुष्पलताबाईंचं बोट जागीच थांबलं.

"काय म्हणाल्या ताई?"

"सत्यानाश झाला का, म्हटलं."

"आणखी एकदा म्हणा."

"अगं, सत्यानाश काय जपायचा शब्द आहे? उद्या लग्न आहे घरात!"

"मंग ते म्हणा. सासूवालं म्हणा."

यमुताईंनी एकवार हॉलभर पाहिलं आणि म्हटलं: "सासूला सुख दे, सुने सरस तू, सौख्ये सजो सासर." शिट्टी नाही, फूक नाही. स कसा, नव्या सुरीनं काकडी चिरावी तसा. बायकांची बडबड थांबली. आतल्या खोलीतून मुग्धा हातातल्या हिरव्या चुड्यानिशी धावत आली आणि दारातच उभी राहिली.

पुष्पलताबाईंच्या डोक्यात मात्र चक्र सुरू झालं होतं. दात वाकडे झाले आणि बोलणं सरळ कसं झालं? तीनदा मापानं मांडले तेव्हा शिट्टी वाजली. आज काय वेगळं झालं? चहा. चहानं मेण मऊ केलं, वितळवलं नाही. आणि त्या मऊ मेणात घोटाघोटाला जीभ आतून ढकलत राहिली, ओठ बाहेरून थोपवत राहिले. दोघांची ओढाताण जिथं थांबली, तिथं दात जाऊन बसले. टाळूकडच्या मेणात जिभेनं आपल्यापुरती वाट कोरून घेतली. म्हणजे आपण इतके दिवस ज्या जागा शोधत होतो, त्या जिभेनं दोन कपांत शोधल्या!

पण मेण अजून मऊ होतं. आता काढले, तर बोट लागेल तिथं खळगा पडणार. आणि तसेच ठेवले, तर यमुताई आणखी बोलणार, जीभ आणखी ढकलणार.

"ताई, आता एक शब्द बोलू नका. हात लावू नका. पाणी आणा जी कोणी, थंडं!"

"फ्रिजचं देऊ?" सूनबाई धावल्या.

"फ्रिजचं नको! एकदम आकसते मेण. माठातलं आणा."

माठाचं पाणी आलं. यमुताईंनी घोट तोंडात धरला, थांबल्या, गिळला. पुन्हा धरला. सगळ्या बायका गोल करून पाहत होत्या, जणू तोंडात पाणी धरण्याची स्पर्धाच लागली आहे. पुष्पलताबाई करंगळीच्या नखानं कडेचं मेण हलकेच दाबून पाहत होत्या. नख रुततंय. अजून रुततंय. एक घोट आणखी. मग नख रुतलं नाही. त्यांनी श्वास सोडला, दात अलगद काढून थंड पाण्याच्या डब्यात सोडले, आणि डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून, यमुताईंना सोबत घेऊन, दवाखाना गाठला.

चिन्मयीनं आधी दात पाहिले आणि कपाळाला हात लावला. मग ते यमुताईंच्या तोंडात घालून ऐकले, आणि खुर्ची ओढून बसलीच. तिनं त्यांना पुन्हा म्हणायला लावलं, पाणी गिळायला लावलं, आकडे मोजायला लावले. सगळ्यात शेवटी ती म्हणाली, "मावशी, आपण हिरड्यांचं माप घेतलं. जिभेचं घ्यायचं राहिलं. मऊ वस्तू तोंडात ठेवून पेशंटला गिळायला, बोलायला लावतात, असं कॉलेजात शिकवलं होतं आम्हाला. मी कधी करूनच पाहिलं नाही बघा."

"पण हा एक दात, मॅडम," पुष्पलताबाई म्हणाल्या. त्यांचा जीव त्या तिरक्या दातात अडकला होता. इतक्या वर्षांत असा दात त्यांच्या हातून बाहेर गेला नव्हता. "एवढा सरळ करतो. लोक काय म्हणतीन, कोण्या बाईनं बसवला म्हणून?"

"सरळ केला आणि शिट्टी परत आली तर?"

"नाही येणार." मग त्या थांबल्या. "येऊही शकते. कोणाले ठाऊक?"

दोघी यमुताईंकडं पाहायला लागल्या. यमुताईंनी आरसा मागितला, दात विचकून पाहिलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"वाकडा आहे," त्या म्हणाल्या. "राहू दे. चेहरा बघायला मुग्धा आहे तिथं, माझा कोण बघतंय? मला ऐकतील लोक."

त्याच संध्याकाळी दात प्लास्टरमध्ये गेले. रात्रभरात प्लास्टर पक्कं झालं. लग्नाच्या दिवशी सकाळी पुष्पलताबाईंनी डबीवर उकळतं पाणी ओतलं आणि मेण गुलाबी धार होऊन वाहून गेलं. त्यांना तेव्हा जरा चरचरलं. चहानं, जिभेनं, माठाच्या पाण्यानं जे घडवलं होतं, ते गेलं. उरला फक्त त्याचा रिकामा आकार. बिघडला तर पुन्हा चहा पाजून बसवायला आता वेळ नव्हता. त्यांनी पोकळीत मसाला भरला, डबी आवळली, पाणी हळूहळू तापवत उकळीला आणलं, शिजू दिलं, आणि डबी बाहेर काढून टेबलावर ठेवली.

आता फक्त ती गार व्हायला हवी होती. पण नागपूरची मे महिन्यातली दुपार! इथं कपातला चहा गार होत नाही, तिथं प्लास्टरनं भरलेली पितळी डबी कशाला गार होते?

मुहूर्त गोरज, म्हणजे संध्याकाळचा. दुपार उतरायला लागली तसा विक्रम दारात येऊन उभा राहिला. अंगात नवा सदरा, डोक्याला फेटा, आणि फेट्याखालून घामाच्या धारा.

"पुष्पलताबाई, झाले का?"

"झाले. पण डबी गरम हाये."

"मग उघडा ना! गरम असले तर फुंकर मारू."

"नाही उघडत."

"बरं, कूलरसमोर तरी ठेवा. हा काय कूलर चाललाय! नाहीतर मी बर्फाची लादी आणतो, समोरच मिळते."

"दादा, तुमी बसा अगोदर." त्यांनी स्टूल पुढं केलं. "बर्फात टाकली त वरून गार होईन, आतून तापलेलीच राहीन. वरचं आकसन, आतलं नाही. दोघं एकमेकाले ओढत बसतीन, अन् आतला मसाला वाकन. मेणाचा असता त पुन्हा वाकवला असता. हा एकदा वाकला की वाकला. मंग ताईच्या टाळूले बसणारच नाही."

विक्रम स्टुलावर बसला आणि लगेच उठला. "आई तयार होऊन खोलीत बसलीय. म्हणते, दात आल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकणार नाही. मुग्धा म्हणते, आजीशिवाय मी अंतरपाटापाशी जाणार नाही. तिकडं वरात निघाली असेल. मुलीचा बाप इथं डबीकडं बघत बसलाय!"

"मी पण डबीकडंच पाहून राहिली ना जी," पुष्पलताबाई म्हणाल्या.

त्या दर थोड्या वेळानं डबीला हाताची मागची बाजू लावायच्या, तापातल्या लेकराच्या कपाळाला लावावी तशी. त्यांनाही घाई होती. हात दोनदा पाण्याच्या बादलीकडं गेला आणि दोनदा मागं आला. बाहेर वाजंत्री ऐकू आली की विक्रम दचकायचा. मग लक्षात यायचं, की ही दुसऱ्याच लग्नाची. फोन वाजायचा, तो न उचलताच खिशात ठेवायचा. शेवटी शेवटी तोही डबीला हात लावून पाहायला लागला. "आता?" तो विचारायचा. "आता नाही." "आता?" मग कधीतरी त्यानं स्वतःच हात लावला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाला, "बाई, आता माझाच हात गरम लागतोय."

पुष्पलताबाईंनी हात लावला. मग हातोडी उचलली.

प्लास्टर फुटलं, आतून गुलाबी कड दिसली, मग दातांची रांग, आणि त्यात तो तिरका दात जसाच्या तसा. त्यांनी कवळी टेबलाच्या काचेवर ठेवून एका टोकाला बोट दाबलं. दुसरं टोक उचललं गेलं नाही, म्हणजे कवळी वाकली नव्हती. मग काय विचारता! घासणं, कोपरे मारणं, चकाकी देणं, धुणं. विक्रमच्या स्कूटरवर मागं डबा मांडीशी धरून त्या बसल्या, केसांत प्लास्टरची पांढरी भुकटी तशीच, आणि फेटेवाला बाप सिग्नलला उभ्या असलेल्या माणसांना हात करत वाट काढत गेला.

चिन्मयी मंगल कार्यालयात आधीच येऊन बसली होती. तिनं खोलीचं दार लावून घेतलं. आत काय चाललंय ते बाहेर कळेना. गुरुजींनी अंतरपाट धरायला सांगितलं होतं, पण नवरी हलेना. मग दार उघडलं, आणि यमुताई नऊवारीचा पदर खांद्यावर घेऊन बाहेर आल्या. खांद्यावर. ओठांवर नाही.

पुष्पलताबाई मागं, खांबाला टेकून उभ्या राहिल्या. कुणीतरी त्यांच्या हातात अक्षता दिल्या. ध्वनिक्षेपक यमुताईंच्या तोंडाशी गेला तसे पुष्पलताबाईंनी डोळेच मिटून घेतले. पहिली ओळ आली. सासू आली, सुख आलं, सासर आलं, एकामागून एक, खणखणीत. आणि मग ते "शुभमंगल सावधान!" कार्यालयाच्या पत्र्याला जाऊन लागलं. शिट्टी नाही. सगळीकडून अक्षता उडाल्या. पुष्पलताबाईंची मूठ मात्र बंदच. त्या पुढच्या स-ची वाट पाहत होत्या.

दुसरं कडवं झालं, तिसरं झालं. दरवेळी अक्षता उडत होत्या आणि दरवेळी त्यांच्या हातून राहून जात होत्या. चिन्मयी शेजारी येऊन उभी राहिली. "मावशी, टाका की!" तेव्हा त्यांनी मूठ उघडली, तर तांदूळ घामानं आणि कुंकवानं तळव्याला चिकटून बसलेले. त्यांनी ते दुसऱ्या हाताच्या बोटांनी सोडवून सोडवून उडवले.

एवढ्यात गुरुजी पुढं वाकून म्हणाले, "आजी, मुहूर्ताची घटका टळतेय हं. आटपायचं का आता?"

यमुताईंनी ध्वनिक्षेपक घट्ट धरला.

"थांबा हो गुरुजी," सगळ्या मांडवाला ऐकू गेलं, "दात आताच आलेत!"

आणि त्यांनी पुढचं कडवं सुरू केलं.